पारपटलातल्या पेशी

आठवीच्या पुस्तकातला पेशीचा धडा आमच्या शाळेत दिवाळीनंतर येतो. तोवर वर्ग निम्मा झालेला असतो. पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, काही पोरंही त्यांच्यासोबत गेलेली असतात, आणि राहिलेली पुढच्या बाकांवर सरकून बसतात. सिरसाळ्यात मी सोळा वर्षं विज्ञान शिकवते आहे. पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, पेशीद्रव्य, केंद्रक. हा धडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. त्या वर्षी तसाच सांगितला, म्हणजे झोपेत असल्यासारखा.

माझी मुलगी तेव्हा माझ्याच वर्गात होती, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर. शाळेत ती मला मॅडम म्हणायची आणि फाटक ओलांडलं की आई.

माझ्या नवऱ्याचं बसस्टँडमागे मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकायचे. तो आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायचा आणि नवी भरायचा. दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, मोटारीवर वाकलेला असतानाच तो बाजूला कलंडला. त्याच्या कारागिराला वाटलं, काही उचलायला वाकलाय.

मी सातवीच्या वर्गावर होते. चाचा दारात येऊन उभे राहिले. चाचा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले, पांढरी दाढी, सगळी शाळा त्यांना चाचाच म्हणते.

"बाई, जरा बाहेर या."

"तास चालू आहे चाचा."

"खडू ठेवा अन् या."

मुख्याध्यापकांच्या गाडीतून आम्ही परळीला निघालो. नवऱ्याला कारागिराने आधीच जीपमध्ये घालून तिकडच्या दवाखान्यात नेलं होतं. रस्त्याला वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या गाड्या होत्या. एकीच्या मागे आम्ही बराच वेळ अडकलो आणि काच वर करूनही राख आत येत राहिली. चाचांनी खिशातला रुमाल काढून दिला. तो मी तोंडाला लावला. नवऱ्याला काय झालंय हे तोवर मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "आणलं तेव्हा गेलेलेच होते, मॅडम. हार्ट अटॅक."

मी म्हणाले, "बरं."

हे "बरं" माझ्या तोंडून कसं आलं ते मला अजून कळलेलं नाही. पोरांनी वही आणून दाखवली की मी म्हणते तसंच आलं.

मग मी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर नेत्रदानाचा कागद लावलेला होता. छापील काही समोर आलं की मी वाचतेच, तसा तोही वाचला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेदहा अधिक सहा, साडेचार. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण त्या घटकेला माझ्या डोक्यात दुःख नव्हतं, एवढं गणित होतं. मी उठले आणि नर्सपाशी गेले.

"यांचे डोळे द्यायचेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. "घरात विचारलंत का मॅडम?"

"घरी सासूबाई आहेत. त्यांना तो गेल्याचंच अजून माहीत नाही."

"मग?"

"सही कुणाची लागते?"

"बायकोची चालते. दोन साक्षीदार लागतात."

"मग कागद द्या."

एक साक्षीदार दुकानातला कारागीर झाला. दुसरी सही चाचांनी केली. करण्याआधी पेन हातात धरून ते थांबले.

"बाई, नक्की ना?"

"हो."

"अम्माला काय सांगायचं?"

"मी सांगते."

नर्सने खोलीतला पंखा बंद केला, त्याच्या डोक्याखाली उशी दिली, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवला. तीनच्या आत दुसऱ्या गावच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून दोघंजण एक डबा घेऊन आले. त्यांचं काम पंधरा-वीस मिनिटांत झालं. मी बाहेर बसून होते. त्या वेळात मी काय विचार करत होते असं मुलीने एकदा मला विचारलं. मी शाळेतल्या हजेरीपटाचा विचार करत होते. सातवीची हजेरी अर्धीच झाली होती.

घरी अंगणात बायका जमलेल्या होत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. सत्तरीच्या आहेत. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे जवळचं त्यांना चांगलं दिसतं. त्या लेकाच्या उशाशी बसून त्याच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. फिरवता फिरवता थांबल्या. पापणीच्या कडेला कापसाचा एक ओला धागा चिकटलेला होता. तो त्यांनी चिमटीत धरून काढला.

"ह्ये काय?"

सांगायला हीच वेळ होती का, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. विचारलं म्हणून सांगितलं. "डोळे दिलेत आत्या. नेत्रदान केलंय."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कुणाला इचारून?"

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"अगं, वरी गेल्यावर रस्ता कसा दिसंल त्याला? आंधळा करून धाडलास माझ्या लेकराला?"

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी समजावून सांगायला लागले. वर्गात सांगते त्याच आवाजात. पूर्ण डोळा काढत नाहीत, फक्त पुढचं पारपटल घेतात, ते काचेसारखं असतं, त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मुलीने माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, आता नको."

त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की त्या उठून पुढच्या खोलीत जायच्या. काही सांगायचं असलं तर नातीला सांगायच्या, मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना. "तुझ्या आईला म्हणावं, नळाला पानी आलंय." मुलगी माझ्याकडे वळून म्हणायची, "आई, पाणी आलंय." मी म्हणायचे, "बरं." तेरावा झाला. माहेरच्या गावाहून, कड्याहून, माझा भाऊ आला होता, तो मला आठ दिवस माहेरी चल म्हणाला. मी नको म्हणाले. तिथं जाऊन तरी काय करायचं होतं, हे मला सुचत नव्हतं.

पंधराव्या दिवशी मी शाळेत गेले. पेशीचा धडा दुसऱ्या कुणालातरी घ्यायला सांगू का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. मी म्हटलं, मीच घेते.

फळ्यावर मी पेशी काढली. मला ती हात न थांबवता काढता येते, आधी बाहेरची रेघ, मग आतला गोल, मग बाकीची अंगकं. प्रद्रव्यपटल काय आत येऊ देतं आणि काय अडवतं ते सांगितलं. तंतुकणिका ऊर्जा तयार करतात ते सांगितलं. मग लयकारिका आल्या. लयकारिका म्हणजे पाचक रसांनी भरलेल्या पिशव्या. पेशी खराब झाली की त्या फुटतात आणि आपल्याच पेशीला पचवून टाकतात, म्हणून त्यांना आत्मघाती पिशव्या म्हणतात. दरवर्षी या नावाला पोरं हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे जपून बघत होते, हातात भरलेलं भांडं असल्यासारखे.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. हुशार पोरगी, आईबाप तोडीला गेलेले, आजीजवळ राहायची.

"मॅडम, माणूस मेल्यावर सगळ्या पेशी एकदम मरतात का?"

शेजारणीने तिला चिमटा काढला. तो मला दिसला.

"नाही," मी म्हणाले. "एकदम नाही मरत. मेंदूतल्या पेशींना सारखा ऑक्सिजन लागतो. रक्त थांबलं की त्या काही मिनिटांत जातात. कातडीतल्या बराच वेळ टिकतात. डोळ्याच्या पारपटलात रक्त जातच नाही. तिथल्या पेशी ऑक्सिजन थेट हवेतून घेतात, म्हणून त्या आणखी काही तास जिवंत राहतात. म्हणूनच डोळे दान करता येतात."

हे सगळं मी न अडखळता सांगितलं. उत्तर बरोबर होतं. तिसऱ्या बाकावरून माझ्या मुलीने हात वर न करता सांगितलं, "माझ्या पप्पांचे दिलेत."

पहिल्या बाकावरची मुलगी मागे वळली. "मग आता कुणाच्या डोळ्यात हायत?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "नावं सांगत नाहीत."

मग मी रिक्तिका शिकवायला घेतल्या. तास संपायला अजून बारा मिनिटं होती.

ती गोष्ट पोरांनी घरोघर नेली. चार-पाच दिवसांत गल्लीतल्या बायका दुपारच्या आत्यांपाशी येऊन बसायला लागल्या. "म्हणं तुमच्या लेकाचे डोळे दोघांना बसवले." असं कुणीच सांगितलं नव्हतं, बोलता बोलता ते वाढत गेलं होतं. आत्या पहिल्यांदा म्हणाल्या, "मला न्हाई ठाव, तिला इचारा." मग नुसत्या ऐकून घ्यायला लागल्या. एकीने सांगितलं की तिच्या माहेरच्या गावात एका बाईला असा डोळा बसवल्यावर ती आता सुईत दोरा ओवते. आत्यांनी तिला ते परत सांगायला लावलं.

महिनाभराने एका दुपारी जेवताना आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी हाय."

मुलीने मान वर केली. निरोप तिच्याकरवी आला नव्हता. मी उठून मीठ आणलं.

त्यानंतर त्या बोलायला लागल्या, लागेल तेवढं. पण बाहेर निघाल्या की लोकांच्या डोळ्यांत बघायची त्यांना सवय लागली. आठवडी बाजारात भाजी घेताना भाजीपेक्षा विकणाऱ्याच्या डोळ्यांकडेच बघत बसायच्या. एकदा आम्ही तिघी वैजनाथाला गेलो होतो. बसमध्ये समोर एक काळा चष्मा घातलेला माणूस होता. त्याने मध्येच चष्मा काढून पुसला. उतरल्यावर आत्या मला म्हणाल्या, "त्यो माझ्याकडं कावून बघत होता गं?"

"तुम्हीच त्याच्याकडे बघत होतात, आत्या."

"डोळे वळखीचे वाटले."

पारपटलाला रंग नसतो. ओळखू येईल असं त्याच्यात काही नसतं. हे मला माहीत होतं, आणि या वेळी मी गप्प बसले.

जानेवारीत प्रात्यक्षिकं चालू होती. एका दुपारी आत्या शाळेत आल्या, डोक्यावर पदर, पायात घरातल्याच चपला. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून नातीकडे बोट करत म्हणाल्या, "ही सारखी पेशी पेशी करून पाठ करत असती. ती पेशी काय असती ती दाव मला."

चाचांनी लगेच स्टूल पुढे केलं, खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक पुसला आणि कांद्याचा पापुद्रा आयोडीन टाकून लावून दिला. आत्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला. मग चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ बघितलं.

"इटा रचल्यावानी दिसतंय."

"त्याच पेशी आत्या. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी."

"अन् इटंत ठिपका हाय त्यो?"

"केंद्रक."

"जीव त्याच्यात असतो?"

"तसा एका जागी नसतो."

"मंग कुठं असतो?"

पोरं ऐकत होती. चाचा हसून म्हणाले, "अम्मा, त्ये बाईच्या पुस्तकात न्हाई."

"मंग हिला बी ठाव न्हाई म्हण की," आत्या म्हणाल्या, पण रागाने नाही.

मुलीने त्यांना तोंड उघडायला सांगितलं, दात कोरायच्या काडीने गालाच्या आतून हलकेच खरवडलं, काचेवर घेऊन निळा रंग टाकला. आत्यांनी स्वतःच्या पेशी बघितल्या. वेड्यावाकड्या, एकमेकींवर पडलेल्या, प्रत्येकीत गडद निळा ठिपका.

"ह्या माझ्या?"

"तुझ्या, आजी."

"मी तर म्हातारी झाले. ह्या तर नव्या कोऱ्या दिसत्यात."

"रंग टाकलाय गं."

जाताना फाटकाशी त्या मला म्हणाल्या, "एकदा फोन लावून इचार तरी, कुणाला बसले त्ये. नाव नगं म्हणावं. गाव सांगा नुसतं."

डोळे नेले त्या दवाखान्यातून आलेल्या आभारपत्रावर नंबर होता. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या व्हरांड्यातून फोन लावला. फोनवरच्या बाईने नाव, तारीख विचारली, थांबायला सांगितलं. मग परत आली.

"मॅडम, ती पारपटलं बसवता आली नाहीत. तपासणीत पेशींची संख्या कमी भरली."

"दोन्ही?"

"हो, दोन्ही. आमच्याकडे शिकणारे डॉक्टर असतात, त्यांच्या सरावासाठी वापरली. दान वाया गेलं असं समजू नका."

"कमी का भरली?"

"नक्की नाही सांगता येत. वय असतं, उशीर होतो, कधी कारण सापडत नाही."

"बरं," मी म्हणाले.

पारपटलाच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. सहा कोनांच्या पेशी, एकीला एक चिकटून बसवलेल्या. पारपटलात शिरणारं पाणी सतत बाहेर काढत राहणं हे त्यांचं काम. त्या कमी झाल्या की पाणी साठतं, पारपटल सुजतं, पांढुरकं होतं आणि दिसेनासं होतं. माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या मोजायचा वेगळा सूक्ष्मदर्शक असतो. हे सगळं मला ठाऊक होतं. शाळेच्या मैदानात पोरं खिचडीच्या ताटल्या धूत होती. मी ते बघत उभी राहिले. राख आली होती रस्त्यात, गाडी अडकली होती, पंखा कधी बंद केला, कापूस कधी ठेवला, असं एकेक आठवून बघितलं. कशानेच काही वाटलं नाही. घंटा झाल्यावर मी नववीवर गेले.

संध्याकाळी आत्यांनी विचारलं, "लागला का फोन?"

"लागला. गाव सांगत नाहीत ते."

"नसू दे. पर दोघं हायत न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

त्या वेळी हे एवढंसं वाटलं होतं. पण पुढच्या सोमवारपासून आत्यांनी त्या दोघांसाठी उपवास धरला. "नवा डोळा हाय, टिकला पायजे," म्हणायच्या. त्यांना साखरेचा त्रास. सकाळी फक्त चहा आणि दुपारी भगर, तीही मूठभर. मी दोनदा नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. फक्त चाचांना मी खरं काय ते सांगितलेलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमी पोरांचं चुकलेलं उत्तर तसंच ठिवत न्हाईत. हे कावून ठिवलंय?" मी तपासायच्या वह्या उचलल्या.

चौथ्या सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा आत्या न्हाणीच्या दाराशी भिंतीला धरून बसल्या होत्या. घाम फुटलेला, हात थरथरत होते. मी साखरपाणी पाजलं, धरून खाटेवर आणून निजवलं. अर्ध्या तासाने त्यांना बरं वाटायला लागलं. मुलगीही शाळेतून आली आणि त्यांच्या पायाशी बसली. मग मी सांगितलं.

"आत्या, ते दोघं नाहीत."

"कोण दोघं?"

"ज्यांच्यासाठी तुम्ही उपवास करता ते. डोळे बसवताच आले नाहीत. आतल्या पेशी कमी भरल्या. मला महिन्यापूर्वीच कळलंय."

त्या छताकडे बघत होत्या. "कमी भरल्या म्हंजी? मोजत्यात?"

"मोजतात, आत्या."

"मंग काय केलं डोळ्याचं? फेकले?"

"नाही नाही. शिकणारे डॉक्टर असतात. ते त्याच्यावर हात बसवतात. कसं कापायचं, टाका कसा घालायचा ते शिकतात. आपली पोरं कांद्याच्या पापुद्र्यावर शिकतात तसं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता पुन्हा नातीकरवी निरोप सुरू होणार.

"तीनदा दहावीला बसला," त्या म्हणाल्या. "मास्तर मारून मारून दमले. शाळा म्हणलं की पळून जायाचा, मोटारी खोलत बसायचा. अन् आता डाक्टराच्या शाळंत गेला म्हणायचा." त्या हसल्या. खरंच हसल्या, छोटंसं. मग पदर तोंडावर ओढून घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडली. ती तिच्या बापासाठी मोठ्याने रडलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. मी खाटेच्या कडेवर बसले होते, एक हात आत्यांच्या गुडघ्यावर, एक मुलीच्या पाठीवर. दोन्हींकडचं हलणं मला हाताला कळत होतं.

मुलीने डोळे पुसून विचारलं, "मग मी वर्गात सांगितलं ते खोटं झालं का?"

"नाही. दिलेत, एवढंच तू म्हणालीस. दिलेतच."

आत्यांनी पदर बाजूला केला. "मला लपवून ठिवलंस कावून?"

"तुम्ही माझ्याशी बोलायला लागला होतात."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुला रडू कसं येत न्हाई गं?"

"माहीत नाही, आत्या."

"मला वाटायचं, दगड हाय ही."

"आता?"

"आता बी वाटतंय. पर आपल्या घरातलाच दगड हाय, काय करता." असं म्हणून त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

उपवास सुटले. गल्लीतल्या बायकांना आत्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. एकजण म्हणाली, "म्हंजी वायाच गेले की." आत्या तिला म्हणाल्या, "तुझा नातू शाळंत जातो त्यो वाया जातो का?" ती बाई नंतर दोन आठवडे आमच्याकडे आली नाही. दुकान आता कारागीर चालवतो. पाटी जुनीच आहे.

लोक मला म्हणायचे, दिवस गेले की होईल हलकं. माझ्याकडे हलकं व्हायला जड असं काही नव्हतंच. मी वेळेवर उठायचे, डबे भरायचे, पेपर तपासायचे. मुलगी नववीत गेली. उन्हाळा गेला, सोयाबीन निघाली, दिवाळी झाली, वर्ग पुन्हा निम्मा झाला आणि पेशीचा धडा आला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी सांगत होते की मोठा स्क्रू फिरवताना नजर बाजूने काचेवर ठेवायची, डोळा वर लावून फिरवायचा नाही. हे मी दरवर्षी तीन-तीनदा सांगते. एका मुलीने डोळा लावून फिरवत नेला, भिंग काचेवर टेकलं आणि काचपट्टी कडकन मोडली. ती हसली. मागच्याही दोघी हसल्या.

मी ओरडले. किती ओरडले ते मला नंतर चाचांनी सांगितलं. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन गेले म्हणे. माझे कान तापले होते, त्या पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. चाचा केरसुणी घेऊन काचा गोळा करायला आले आणि खाली वाकता वाकता माझ्याकडे बघत राहिले. पोरगी रडायला लागली तेव्हा मी थांबले. खिडकीशी जाऊन उभी राहिले. छातीत धडधडत होतं. मला राग आला होता. वर्षभरात मला राग आलेला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

घरी गेले तेव्हा आत्या भाकरी थापत होत्या. मी चप्पल काढून तिथंच चुलीपाशी पाटावर बसले.

"आज मला लई राग आला, आत्या." घरात मी 'लई' म्हणत नाही. आलं तोंडातून.

थापता थापता त्यांचा हात थांबला. "कुणावर?"

"एका पोरीवर. काच फोडली तिनं."

"मारलंस?"

"नाही. ओरडले."

"उद्या तिला जवळ घे," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. "आता ताट घे. गरम हाय."

मी ताट घेतलं. त्यांनी भाकरी वाढली, वर ठेचा दिला. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.